कुमासीचं पाणी मी पीत नाही

सोमवार, १० जून. अक्रा, सकाळी ६.
सातची बस. बुधवारी एर्नेस्टिनाला घेऊन परत. धाकटी बहीण विधवा होऊन वर्ष झालं, तरी कुमासीत सासरच्यांत बसून आहे. माझ्या तीन खोल्या रिकाम्या. मला सोबत नकोच आहे, तिचीच कीव येते. मुद्दे लिहून घेतले. अक्रा: समुद्र, ताजी मासळी, शिस्त. कुमासी: नुसते चढाचे रस्ते.

सोमवार, रात्री ८. कुमासी.
बस तीन तास अक्रातच अडकली. त्यात शहराचा दोष नाही.
एर्नेस्टिनाच्या थोरल्या दिरांनी, अड्डाई नानांनी, दारातच पाणी पुढे केलं. पाहुण्यानं पाणी प्यायलं की घरातला वडीलधारा विचारतो, काय काम काढलंत? मी म्हटलं, माझं अक्राचं पाणी बाटलीत आहे. त्यांच्यादेखत दोन घोट घेतले. रीत पाळली. नाना भरला पेला घेऊन आत गेले.

मंगळवार, ११ जून.
काय काम काढलंत, कोणी विचारलं नाही. न विचारता काम सांगणं अडाणीपणाचं; शाळेतल्या नन्सनी मला तसं वाढवलं नाही. जेवायला फुफू, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदाचा गोळा, रश्शात. दोनदा घेतलं, सभ्यता म्हणून.

बुधवार, १२ जून.
आजही नाही. कुमासीला वळणच नाही. बाजारात एर्नेस्टिनाला आडून विचारलं, समुद्राची आठवण येते का? म्हणाली, ताई, तू तरी शेवटची कधी गेली होतीस गं समुद्रावर? उद्धट. परत येईपर्यंत अकरा जणींनी तिला हाका मारल्या. काय हा गोंगाट! अक्रात माझ्या गल्लीत मला कोणी हाक मारत नाही. शांतता.

गुरुवार, १३ जून.
बाटल्या संपल्या. नाइलाजानं नानांचं पाणी प्यायले. त्यांनी तत्काळ खुर्ची ओढली, घर गोळा केलं. म्हणाले, बोला बाई, तीन दिवस खोळंबलोय. आम्हाला वाटलं भांडायलाच आलात.
मी ताठ बसून सगळे मुद्दे वाचले. शेवटी ठणकावलं, या वयात बाईनं एकटं राहू नये.
नाना म्हणाले, अगदी बरोबर. मागची खोली झाडून घ्या रे, ताई आता इथेच राहतील.
एर्नेस्टिनाला रडू आलं. वडीलधाऱ्याचा शब्द खोडणं असभ्य, म्हणून मी बोलले नाही.

शनिवार, १५ जून.
एर्नेस्टिना अक्राला यायला तयार झाली. शेवटी माझंच खरं झालं. मंगळवारी निघू. दोन दिवसांसाठी. माझं सामान बांधायला.