वहीतले दोन यू

जळगाव
मंगळवार, २६ ऑक्टोबर १९९९

प्रिय निंबास पुनाचा रामराम.

इकडे सर्व ठीक. सौ. भागाबाईच्या गुडघ्याने थोडी उसंत दिली आहे. माझे नवरात्राचे उपवास नीट पार पडले. नवमीला माती परीक्षण केंद्रातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. या वर्षी संगणक बंद करून त्याचेही झाकण काढले, आतल्या दोन्ही डिस्कना हळदकुंकू लावले, अक्षता वाहिल्या. दसऱ्यानंतर बुधवार-गुरुवार मनुदेवीला जाऊन आलो. तुझ्या घरासाठीही हात जोडले.

आता पुढचे वाचून लगेच रागावू नकोस.

आमचा हा लिनक्सचा संगणक सुनंदावहिनींनी उभा केला, हे तुला माहीतच आहे. बारा वर्षांचे मातीचे अहवाल त्यात आहेत. वहिनींनी दोन डिस्क अशा जोडल्या की एकीवर लिहिलेले दुसरीवरही उमटते. एक गेली तरी दुसरी शाबूत. याला रेड म्हणतात. त्यावर दर तालुक्याचा वेगळा भाग पाडला. मी म्हणालो, "वहिनी, एखादा भाग कमी पडला तर?" त्या हसल्या. "नाना, ह्या काय विटांच्या भिंती आहेत? लॉजिकल व्हॉल्यूम म्हणतात यांना. सरकवता येतात."

पडद्यावर कंसात इंग्रजी दोन यू दिसले की दोन्ही डिस्क चालू. यूच्या जागी आडवी रेघ आली की ती डिस्क बाद. रोज सकाळी पाहून वहीत लिहायचे, एवढे काम माझ्याकडे.

शनिवारी वहिनी भडगावचा भाग वाढवायला आल्या. तासाभरात निघाल्याही. जाताना पिशवीत रुमालात बांधलेली एक चौकोनी वस्तू होती. मी विचारले नाही. सोमवारी पाहतो तर एक यू आणि एक रेघ.

माझ्या वहीत शनिवारपर्यंत रोज दोन यू आहेत. एका खत कंपनीचा माणूस दोन महिने या अहवालांसाठी चकरा मारतो आहे. कोणाच्या शेताला काय कमी, हे त्याला आयते हवे आहे. आमच्या केंद्रप्रमुख साहेबांनी संगणकाच्या झाकणाला सील लावले. आत दुसरी डिस्क आहे की नाही, देव जाणे.

मी कोणाकडे बोट दाखवत नाही. वही सांगते तेवढेच लिहिले.

तुझा
पुना


जळगाव
बुधवार, ३ नोव्हेंबर १९९९

प्रिय निंबा, रामराम.

तुझे कार्ड मिळाले. "पुन्या, गिरणाकाठच्या शाळेत एका पाटीवर लिहिलं आपण. माझ्या बायकोला चोर म्हणायचं तर तिच्या तोंडावर म्हण." बाकी खुशालीचा एक शब्द नाही.

तुझे चुकले असे म्हणत नाही. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. शनिवारी आल्या आल्या वहिनींनी विचारले, "नाना, दोन यू आहेत ना?" मी वही पुढे केली. त्यांनी पडद्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाल्या, "तुमची वही आहे म्हणजे झालं." तेव्हा बरे वाटले होते. आता वाटते, पाहायचेच नव्हते म्हणून पाहिले नसेल. इतकी जाणती बाई न बघता कामाला हात घालते का?

वहिनी शिकवतात त्या धुळ्याच्या तंत्रनिकेतनाला साहेबांनी तक्रार लिहिली आहे. त्यांना नोकरीत कायम करण्याची बैठक याच महिन्यात आहे, हे मला ठाऊक आहे. खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी आहे. साहेब म्हणतात, "पुनाजी, तुमच्या वहीइतका पक्का पुरावा दुसरा नाही." उद्या सही करीन.

दोन दिवस पूजेत मन लागत नाही. मनुदेवीहून आल्यावर शुक्रवारी वहीचे मागचे काही रकाने भरायचे राहिले होते, ते भरले. ते असो. दिवाळीला मुलांना आशीर्वाद सांग.

पुना


जळगाव
शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९९९

सौ. सुनंदावहिनींना पुनाचा नमस्कार.

आजवर तुमच्याबद्दल निंबाला लिहीत आलो. हे पत्र तुम्हालाच.

भाऊबीजेला भागाबाईच्या भावाला द्यायला डबा सापडेना. ती म्हणाली, "तो डबा सुनंदावहिनीकडे शे. त्या शनवारी तुमना टेबलवरथीन त्या लई गयात ना. भरीत-भाकर बांधी दिधी व्हती मी." मी विचारले, कशात बांधली होती? "रुमालमा. आनि तुम्हीच तं सकाळे लई गयथात!" खरेच, सकाळी ते गाठोडे मीच सायकलला अडकवून नेले होते, आत काय आहे ते न विचारता. संध्याकाळी तुमच्या पिशवीत तेच पाहून मला डिस्क दिसली.

तरी मी मनाला समजावत होतो, की डबा खरा असेल, पण वही?

काल साहेबांनी सील काढून कारागिराकडून झाकण उघडवले. दोन्ही डिस्क जागच्या जागी होत्या. एकीची जोडणीची पट्टी नीट बसली नव्हती. त्याने ती उपसली आणि टेबलावर तांदळाचा दाणा पडला, हळदीने पिवळा झालेला. "नाना, हा प्रसाद कोणाचा?" तो हसत म्हणाला. मला हसता आले नाही. पूजेला पट्ट्या मीच काढल्या होत्या, मीच परत बसवल्या. ती डिस्क त्याने दुसऱ्या संगणकाला लावून पाहिली. तिच्यावरची शेवटची नोंद नवमीच्या सकाळची आहे. तुम्ही येण्याच्या पाच दिवस आधीच ती बंद पडली होती.

आणि वहीत त्या पाचही दिवसांना दोन यू आहेत. नवमी ते गुरुवारचे रकाने मी शुक्रवारी एका बैठकीत भरले. शुक्रवारचा आणि शनिवारचाही त्याच हाताने. पडद्याकडे न पाहता. रोज असतात, म्हणून असतीलच. निंबाला हे लिहिताना मी "ते असो" लिहून पुढे गेलो होतो.

तुम्ही माझ्या वहीवर विश्वास ठेवून पडद्याकडे पाहिले नाही. तोच विश्वास मी तुमच्याविरुद्ध लिहिला.

सही चार तारखेला झाली, कागद धुळ्याला पोचला आहे. सोमवारी पहिल्या गाडीने मी प्राचार्यांकडे येतो आहे. साहेब म्हणाले, "आपल्या केंद्राची शोभा होईल." मी म्हटले, होऊ द्या. वही सोबत आणतो. ते पाच दिवस आणि तो शनिवार लाल शाईने खूण करून ठेवले आहेत. तुमच्या दारी मात्र तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही.

कारागीर ती डिस्क लगेच जोडतो म्हणत होता. मी विचारले, कोणत्या डिस्कवरचे कोणत्या डिस्कवर उतरवणार? त्याला सांगता येईना. बंद पडलेलीवरचे जुने चालू डिस्कवर उतरले तर नवमीनंतरचे सगळे अहवाल पुसले जातील. म्हणून डिस्क कपाटात ठेवली आहे, कुंकू पुसून. तुम्ही आलात तर तुमच्या हाताने लागेल. नाही आलात तर तो तुमचा अधिकार.

डबा भागाबाईने परत मागितलेला नाही.

आज सकाळी पडद्यासमोर उभा राहून, एकेक अक्षर पाहून वहीत लिहिले आहे: एक यू, एक रेघ.

आपला अपराधी
पुना