बोअर क्रमांक अठ्ठावीस

१४ ऑक्टोबर २००९, बुधवार

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या कुंपणामागच्या बोअरमध्ये खाणवाल्यांनी सिमेंट ओतलं. खाणीचं आम्ल गावाच्या पाण्यात शिरलंय का, हे तपासायची ही एकच जागा होती – तीही बुजवली. ना नोटीस, ना नमस्कार. वर पांढऱ्या रंगात आकडा: २८. थडग्यावर घालतात तसा.

१५ ऑक्टोबर

इंजिनियर वाव्रुश्काला फाटकाशी गाठलं.

"बाई, युरेनियम विरघळवायला जमिनीत सोडलेलं आम्ल आम्ही अजून उपसतोच आहोत. पण तुमच्या उताराकडे ते आलंच नाही. १९८३चे तक्ते स्वच्छ आहेत. म्हणून हा भाग वगळला."

"बुजवण्याआधी एक बाटली पाणी तपासलं असतं, तर हात झिजले असते?"

"तक्ते तुमच्याच प्रयोगशाळेचे आहेत. तुम्हालाच भरवसा नाही?"

मी फाटक आपटून आत आले.

१७ ऑक्टोबर

ह्यूब्नर साहेब खुर्चीमागे उभे आहेत असं वाटत राहतं – तोच पेपरमिंटचा वास. माझे प्रयोगशाळेतले वरिष्ठ. त्यांना पुरून अकरा वर्षं झाली.

मठाच्या शाळेत खोटं बोललं की सिस्टर अल्फोन्सा जिभेवर मीठ ठेवायच्या. दोन दिवस तोंडात तीच चव.

१८ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधून येताना शेजारच्या द्राहोमीराकडे. नात तान्ह्या मुलीला घेऊन राहायला आलीय. द्राहोमीरानं बाटलीचं दूध विहिरीच्याच पाण्यात कालवलं.

"उकळून घेतेस ना?"

"घेते गं बाई. निवृत्त झालीस ना? मग तपासणी पुरे. बस, आलुबुखाराचा केक खा."

उकळून जंतू मरतात. बाकीचं तसंच राहतं. केकची बशी बाजूला सारली. पोर मात्र सगळं दूध प्यायली.

१९ ऑक्टोबर

लिहायला बसले. चार कागद फाडले.

२० ऑक्टोबर

सकाळी द्राहोमीराला सगळं सांगितलं. तिनं माझ्यासमोर बाटली मोरीत ओतली आणि दार लावून घेतलं. मग वाव्रुश्काच्या नावे टपालात पत्र टाकलं. त्याची ही नक्कल:

"मे १९८३ मध्ये अठ्ठावीस नंबरच्या पाण्याचा सामू चार भरला, म्हणजे त्यात आम्ल होतं. ह्यूब्नर म्हणाले, 'कॉम्रेड, सात लिहा, स्वच्छ पाण्याचा.' मी सात लिहिलं, खाली सही केली. तक्ता खोटा आहे. सव्वीस वर्षं वाट पाहिली, की कुणीतरी पुन्हा नमुना घेईल आणि मला बोलावं लागणार नाही. ती जागा तुम्ही बुजवलीत. नवी बोअर कधी मारणार, आणि तोवर शेजारच्या घरी प्यायचं पाणी कोण पोचवणार, हे शुक्रवार, ३० ऑक्टोबरला दुपारी बाराच्या आत लेखी कळवा."