दुधाच्या दातांचा धडा

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (खोली एवढीशी आहे की घालताना डोकं दारात आणि पाय मोरीत गेले.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला थांबला का? मी खुशाल असल्याचं आईला कळवलंय. तुला खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली आहे.

परदेशात सेवा करायला आलो, तर पहिलीच्या एकतीस मुलांना सकस आहार शिकवायचं काम पदरात पडलं. (मला, ज्याच्या घशाखाली जन्मात दुधीची फोड उतरली नाही.) मी बोलायचं आणि वर्गाच्या बाईंनी ते मुलांच्या भाषेत सांगायचं. पहिले दोन तास मुलांनी जांभया दिल्या. तिसऱ्या तासाला मला हुशारी सुचली. फळ्यावर गोड खाणारा मुलगा काढला आणि ओल्या फडक्याने त्याचा एकेक दात पुसत गेलो. शेवटी नुसतं बोळकं उरलं. वर्ग चिडीचूप, मी खूश.

सहा वर्षांच्या मुलांचे दुधाचे दात पडतातच, हे तुझ्या भाच्याच्या ध्यानात नव्हतं. आठवडाभरात तिघांचे पडले. प्रत्येकाने मूठ उघडून दात मला दाखवला आणि मांत्रिकाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. मी मागच्या जिन्याने ये-जा करू लागलो.

मग बुधवारी, सकाळच्या रांगेत, वर्गातली सगळ्यात लहान मुलगी कोसळली. तिला उचललं खरं, पण तिला घेऊन मी जागच्या जागीच गोल फिरू लागलो, तेव्हा बाईंनी तिला काढून घेतलं. नर्सने पाणी पाजलं, तोवर मी मनाने तुरुंगात जाऊन आलो होतो. (तिथली भाषा तर मला समजलीही नसती.) शुद्धीवर आल्यावर कळलं, तिचा दात हलत होता. काही खाल्लंच नाही तर तो टिकेल, या हिशोबाने तिने आदल्या दिवसापासून डबा मैत्रिणींना वाटला होता आणि घरी पोट दुखतंय म्हणून सांगितलं होतं.

तिची आई लाँड्रीतून, ओल्या हातांनीच धावत आली. माझ्याकडे बघून काहीतरी हळू बोलली. बाई म्हणाल्या, "त्या विचारतायत, तुम्हाला मुलं आहेत का?"

मी नकारार्थी मान हलवली. ते तिला भाषांतराशिवाय समजलं.

मी बाकाशी गुडघे टेकून बाईंमार्फत मुलीला म्हटलं, "चूक माझी झाली. हा दात पडणारच, खा नाहीतर उपाशी राहा. खाली नवा आहे." तिचा विश्वास बसेना. तेव्हा तोंड उघडून माझे, पडून परत आलेले, सगळे दात तिला मोजायला दिले. तिने बोट घालून मोजले, एक किडकी दाढ हुडकली आणि प्रश्नार्थक बघितलं. ती मात्र गोडाचीच करणी, हे कबूल करावं लागलं. मग नर्सने आईच्या हातात दिलेलं केळं तिने घेतलं. दुसऱ्याच घासाला दात बाहेर आला, जरासं रक्तही. मला घेरी आली. ती हसली, तिची आईसुद्धा.

तुझा भेदरलेला भाचा

ता. क. त्या आईने सगळे पालक गोळा केलेत. मुलांना काय खायला घालावं, ते पुढल्या महिन्यात मी त्यांना सांगायचं आहे. तू तीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलंस. चार पानं लिहून पाठव. प्रथिनं म्हणजे नक्की काय, तेही लिही. तो शब्द मी आजवर भरभर म्हणून पुढे जात आलोय.

ता. क. २. तुझ्या त्या स्वयंपाकघरात मी चार वर्षं होतो, असं अर्जात लिहिलंय. इथून फोन आला तर हो म्हण. होतोच ना मी? फक्त ताटावर.