मोरीच्या पाण्याचा गोबरगॅस

रविवार, ९ जानेवारी १९८३
माझा निळ्या पट्ट्यांचा सदरा, कॉलर सोडली तर पूर्ण शाबूत, आज गोठ्यात सापडला. माझी बायको फ्लॉसी त्याने म्हशीची कास पुसत होती. मालकाला विचारण्याची पद्धत या घरातून उठली आहे. जाब विचारला तर म्हणते, तुम्हांला दोन वर्षांत एकदा आठवला, म्हशीला रोज लागतो.
या घरात काटकसर आहे, शास्त्र नाही. शाळेत मुलांना विज्ञान शिकवायचं आणि घरी येऊन चुलीच्या धुरात जेवायचं.

बुधवार, १२ जानेवारी
पंचायतीत गोबरगॅसवर भाषण. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी तक्ता टांगला. शेणातून गॅस, उरलेल्या पातळ शेणाचं, म्हणजे रबडीचं, खत, खतावर केळी, केळीचे खुंट म्हशीला, पुन्हा शेण. काही म्हणून वाया नाही. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. एकटाच. मागून वाडीवाला प्लासिड म्हणाला, आमचे आजोबा हेच करायचे, मधला गॅस तेवढा नव्हता. आमच्या गिरीजच्या वाडीवाल्यांना नवं काही सांगून उपयोग नाही.
निश्चय: ईस्टरचं जेवण गॅसवर.

रविवार, ६ फेब्रुवारी
जूचंद्रच्या श्रीपत गवंड्याने खड्डा बांधून दिला. वर उलटी लोखंडी टाकी. गॅस झाला की ती आपोआप उचलली जाते. आमचा अख्खा उकिरडा आत गेला, तरी वीस पाट्या शेण कमी. शेजारच्या मेरीमावशीकडून उसनं आणलं. इथे शेण साखरेसारखं देतात. मोजून.
मावशी विधवा. एक म्हैस, साठ केळी, त्यावर वर्ष निघतं. म्हणाली, फर्डी, पावसाआधी दे रे बाबा, खत नाही पडलं तर घड धरणार नाही. मी म्हटलं, मावशी, महिन्याभरात दुप्पट ताकदीची रबडी देतो. ती म्हणाली, मला शेणच दे.

सोमवार, ७ फेब्रुवारी
शेणात पाणी कालवायचं. श्रीपत म्हणाला, मास्तर, इहिरीचं पानी घाला. मोरीचं पाणी रोज फुकट वाहतं आणि हा विहीर उपसायला सांगतो. मी मोरीलाच पाइप जोडला. फ्लॉसी म्हणाली, त्यात साबणाची पावडर असते, फिनेल असतं, मी ते अळवाला लागू देत नाही. अळवाचं शास्त्र वेगळं आणि गॅसचं वेगळं, हे तिला समजावून सांगितलं. अर्ध्यात उठून गेली.

बुधवार, १६ फेब्रुवारी
राखेचा बुधवार. टाकी तिथेच. उपवासकाळात रागवायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून तोंडाने बोलत नाही. लिहितो. टाकी मद्दड आहे, श्रीपत मद्दड आहे, शेगडी विकणारा चोर आहे.

शनिवार, ५ मार्च
टाकी बोटभरही वर नाही. साहेबांना तिसरं पत्र. विचारान्ती दोष सापडला: शेण. आपलं चांगलं आहे, म्हणजे वाईट ते मावशीचं. तिच्या म्हशीला पेंड नाही, नुसतं गवत. फ्लॉसीला सांगितलं, तर म्हणे, हळू बोला, मावशी कुंपणापलीकडे आहेत. सत्य हळू का बोलायचं? मोठ्याने बोललो.

रविवार, ३ एप्रिल
ईस्टर. चर्चमधल्या मिसाहून येऊन शेगडीला अकरा काड्या लावल्या. जेवण चुलीवर. पाहुण्यांना म्हटलं, चुलीची चव मुद्दाम ठेवली आहे. मेहुणा फेबियन म्हणाला, मग खड्डा कशाला, पोहायला? याला पुन्हा बोलवायचं नाही.

मंगळवार, १२ एप्रिल
साहेब आले. खड्ड्यात डोकावले. फेस. पाणी कुठलं, असं विचारलं. फ्लॉसीने मोरीकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, गॅस करणारे जंतू केव्हाच मेले, खड्डा उपसा. मी विचारलं, रबडी केळींना घालू? म्हणाले, अजिबात घालू नका.
जंतू इतके नाजूक असतात, हे भाषणात सांगायला काय झालं होतं? चौथं पत्र लिहायला घेतलं. कोणाला लिहावं ते सुचेना.

शनिवार, ७ मे
मावशी शेण मागत नाही. याचाच संताप येतो. भांडली असती तर उत्तर तयार होतं. फ्लॉसी म्हणते, त्या मागणार नाहीत, तुम्ही त्यांच्या म्हशीचं खाणं काढलंत. निर्मळला विकतचं शेण मिळतं का म्हणून विचारून आल्या. विकतचं शेण, गिरीजमध्ये. रस्त्यावर चारजणांनी मला ऐकवलं. पाऊस महिन्यावर. आमच्याच केळींना खत नाही, मी कुठून देणार? एका म्हशीची रोजची एक पाटी.

शुक्रवार, २७ मे. पहाटे साडेपाच
गोठ्यात गेलो. पाटी भरली. कुंपणाच्या फटीतून मावशीच्या उकिरड्यावर रिकामी केली. रोज उजाडायच्या आत करतो, उगाच चर्चा नको.
आज आतून मावशीचा आवाज आला. झाल्या वीस पाट्या, फर्डी.
बरं म्हटलं. घरी येऊन हात धुतले.