शेवटचं प्रकरण माझंच

अण्णा,

तुमचं अक्षर फार सुंदर होतं, हे आधीच मान्य करून टाकते, म्हणजे पुढचं भांडण मला मोकळेपणानं करता येईल. ठाण्याच्या कोर्टात नक्कल खात्यात तुम्ही जन्म काढलात. निकाल, वाटण्या, बांधावरचे वाद, सगळं शब्दाला शब्द उतरवलंत आणि प्रत्येक नकलेखाली ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असं लिहून, म्हणजे मुळाशी तंतोतंत जुळते अशी ग्वाही देऊन, सही ठोकलीत. घरी आम्हाला ऐकवायचात, ‘नक्कल करणाऱ्यानं वाचायचं नसतं, उतरवायचं असतं. वाचायला लागला की हात चुकतो.’ या तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवून मी माझी पहिली कादंबरी तुमच्या हातात दिली होती. आज इतक्या वर्षांनी तो विषय काढायचं कारण म्हणजे इथे डोंबिवलीत आमच्या वाचनालयानं नव्या लेखकांची कादंबरी स्पर्धा ठेवलीय आणि परीक्षक म्हणून मला बसवलंय. खोलीत हस्तलिखितांचा गठ्ठा येऊन पडलाय. एकेकाचा शेवट वाचतेय आणि मला तुमचा राग येतोय. अजून येतोय, याचं माझं मलाच नवल वाटतं.

तेव्हा मी कल्याणच्या शाळेत शिकवायला लागले होते. मुंबईच्या एका मासिकानं जाहिरात दिली, की ज्यांचं एकही पुस्तक निघालेलं नाही, ज्यांना प्रकाशक नाही, अशांनी आपली कादंबरी पाठवावी. निवडून आलेली कादंबरी मासिक छापेल. कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात, टोपणनावानं. कल्याणच्या वाचनालयाच्या ओट्यावर बसणारे आम्ही चार-पाच जण त्या जाहिरातीनं पेटलो. एक रेल्वेच्या मालधक्क्यावरचे कारकून होते, त्यांची शिवकालीन कादंबरी कधीची तयार होती. डोंबिवलीचे एक होमिओपॅथीचे डॉक्टर गुप्तहेरकथा लिहीत होते आणि रोग्यांना गोळ्यांबरोबर प्रकरणं ऐकवत होते. आम्हाला कुणी विचारत नव्हतं, पुण्या-मुंबईत आमची कुणाशी ओळख नव्हती, आणि म्हणूनच आमची छाती पुढे होती. मालधक्केवाले म्हणाले, ‘बाई, तुमचं लिखाण बरंय हो, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. परीक्षक दोन पानांत बाजूला टाकतील. वडील नक्कल खात्यात आहेत ना तुमचे? मग?’

मी घाबरत घाबरत विचारलं आणि तुम्ही ‘दे इकडे’ म्हणालात. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. कारण त्या कादंबरीत काय होतं, हे मला माहीत होतं. त्यात आत्या होती. नाव बदललं, गाव बदललं, तरी ती आत्याच होती. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या संसारात ठाण्याला खोपटजवळच्या दोन खोल्यांत राहणारी, पहाटेपासून चुलीपाशी असणारी, आणि जिच्या हातची आमटी तुम्ही वाटी तोंडाला लावून प्यायचात ती. फाळणीनंतर कल्याणच्या पुढे निर्वासितांच्या छावण्या पडल्या, तिथल्या दवाखान्यात आयाचं काम मिळत होतं, आणि एके दिवशी जेवणं झाल्यावर तिनं तुम्हाला सांगितलं, ‘दादा, मी सोमवारपासून कामावर जाणार आहे. तिकडेच विठ्ठलवाडीला खोली बघितलीय.’ मी दारात उभी आहे. आई उष्टी काढतेय. तुम्ही हात धुतलेत, पंचाला पुसलेत आणि म्हणालात, ‘लोकांची घाण उपसायची हौस असेल तर ती तुला लखलाभ.’ एवढंच. आवाज चढला नाही की काही नाही. ती गेली आणि त्यानंतर तुम्ही त्या घरात तिचं नाव काढलं नाहीत. मी कल्याणची शाळा सुटल्यावर तिच्याकडे जायचे, आईला ठाऊक होतं, तुम्हालाही असणार. माझ्या कादंबरीच्या शेवटी ती बाई आपल्या खोलीत एकटीपुरता स्वयंपाक करते, कडी लावते आणि शांत झोपते. भाऊ येत नाही. ती वाटही बघत नाही.

तुम्ही रोज सकाळी कोर्टात जायच्या आधी डेस्क पुढ्यात घेऊन बसायचात. टाक, दौत, टीपकागद. एक प्रकरण झालं की आपण दोघं रुजुवात करायचो, तुमच्या खात्यात करतात तशीच: तुम्ही नक्कल मोठ्यानं वाचायची आणि मी मूळ कागदावर बोट ठेवून जुळवत जायचं. विरामचिन्हांसकट! ‘तिने त्याचा हात हातात घेतला पूर्णविराम तिचे डोळे भरून आले स्वल्पविराम पण ती हसली पूर्णविराम.’ माझ्या नायिकेचं प्रेम तुम्ही गुरचरणाच्या वादाच्या निकालासारखं वाचत होता आणि आई आत तोंडाला पदर लावून हसत होती. जुळलं की तुम्ही तळाशी पेन्सिलीनं, खोडता येईल असं, ‘अस्सलबरहुकूम’ लिहायचात. ‘सवय, दुसरं काय,’ म्हणायचात. अण्णा, ते दिवस माझे फार सुखाचे होते. तुम्ही माझ्याशी एवढा वेळ त्याआधी कधी बसला नव्हता, नंतरही नाही. आत्या घर सोडते ते प्रकरणसुद्धा तुम्ही त्याच सुरात वाचलंत, ‘लखलाभ पूर्णविराम’, आणि माझी खात्री पटली की हे खरोखरच नुसतं उतरवतात, यांना काही कळलेलं नाही. किती मूर्ख होते मी!

शेवटचं प्रकरण झालं त्या सकाळी तुम्ही म्हणालात, ‘याची रुजुवात मी केलीय. तू पाकीट तेवढं तयार ठेव, जाताना पोस्टात टाकतो.’ मी कागद चाळले. तळाला पेन्सिलीचा शब्द नव्हता. जन्मात एक खोटी नक्कल केलीत, पण तिच्याखाली खरी आहे असं लिहायला तुमचा हात धजावला नाही. मी उभ्या उभ्या वाचायला लागले. माझ्या कादंबरीत भाऊ आला होता! खोलीच्या दारात उभा राहून बहिणीला म्हणत होता, ‘माझं चुकलं. घरी चल.’ आणि ती पदरानं डोळे पुसून भांडी आवरायला लागली होती.

‘अण्णा, हे कुणाचं?’

‘अक्षर माझं आहे.’

‘अक्षर नाही विचारत. मजकूर कुणाचा?’

तुम्ही टाक धूत होता. ‘शेवट जरा बरा केलाय. परीक्षकांना पटेल. कायमचं असं कुणी जात नाही.’

‘जातात. याच घरातून गेली.’

आईच्या हातातला झारा थांबला. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘मग तिला परत आणायला तुझं काय जात होतं? तुझ्याच हातात तर होतं.’

‘माझ्या नाही, तुमच्या हातात होतं! विठ्ठलवाडी काही काशीला नाही.’

‘वडिलांशी बोलतेस,’ आई म्हणाली, आणि मग ताटं मांडत, ‘आधी जेवून घ्या. मग काय ते भांडा.’ तुम्ही जेवलात. मी नाही जेवले. तुमचे कागद उचलले, पिशवीत घातले आणि शाळेला दांडी मारून सरळ आत्याकडे गेले. तेव्हा जे मनात होतं ते आजही तसंच आहे: माफी मागायची तर माणसानं आपल्या तोंडानं मागावी, मुलीच्या कादंबरीत घुसून नव्हे. माझी ती एकुलती एक वस्तू होती. घर तुमचं, नाव तुमचं, माझ्या लग्नाची बोलणीसुद्धा तुमची. ती शंभर-दोनशे पानं तेवढी माझी होती, आणि त्यातलंही शेवटचं प्रकरण तुम्हाला हवं होतं.

आत्या नुकतीच रात्रपाळी करून आली होती. तिची घरमालकीण, तिथलीच जुनी आगरीण, दारात मासळी साफ करत बसलेली. ‘ये गो पोरी, बस,’ म्हणाली. मी तिथेच बसून आत्याला तुमचं प्रकरण वाचून दाखवलं. भाऊ घरून निघतो, स्टेशनावर उतरून टांगा न करता चालत येतो, इथपर्यंत आत्या नुसती ऐकत होती. मग हे वाक्य आलं: ‘नाल्याकडच्या वाटेवरून तिची मागची खिडकी दिसत होती, पत्र्याच्या डब्यात तिने पुदिना लावला होता, आणि एवढ्या उन्हात तो हिरवागार होता.’ आत्यानं माझ्या हातावर हात ठेवला. ‘हे तू लिहिलंयस?’ मी नाही म्हटलं. मी कधी मागच्या बाजूला गेलेच नव्हते. डबा खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर होता, आतून दिसायचाही नाही.

आगरीण मान वर न करता म्हणाली, ‘काल्या टोपीवाला ना? येतं गो कवा कवा. नाल्यावर उभा ऱ्हातं नि जातं परत. मना वाटला, नाल्याचा साहेब हाय.’

आत्या उठली, मागच्या खिडकीपाशी गेली आणि तिथे पाठमोरी उभी राहिली. मला वाटलं रडतेय. वळली तेव्हा तिचा चेहरा तापलेला होता. ‘नाल्यापर्यंत आला, दारापर्यंत नाही. आणि तुझ्या गोष्टीत थेट आत येऊन बसतो? पाय कागदावरच फुटले वाटतं त्याला! बंद कर ते. पुढचं मला ऐकायचं नाही.’ मग चहा टाकला आणि विचारलं, ‘तुझ्या शेवटात मी काय करत होते?’ मी सांगितलं, एकटीपुरता स्वयंपाक करून झोपतेस. ती म्हणाली, ‘मग तेच खरंय. तेच लिही.’

मी माझा शेवट माझ्या कोंबडीच्या पायांनी पुन्हा लिहिला. शक्य तेवढं वळण लावून लिहिला, तरी तुमच्या मोत्यांसारख्या पानांपुढे ती पानं भिकाऱ्यासारखी दिसत होती. कल्याणच्या पोस्टात पाकीट टाकताना मालधक्केवाले माझ्यासोबत होते. ते म्हणाले, ‘शेवटी अक्षर का बदललं हो?’ मी म्हटलं, ‘शेवट मी लिहिलाय म्हणून.’ त्यांना काही बोध झाला नाही. आमच्यातलं कुणीच निवडून आलं नाही, ना शिवकाल ना गुप्तहेर. माझं बाड परत आलं त्यावर शेरा होता की लेखन आश्वासक आहे, मात्र अखेरचं प्रकरण निराळ्या हस्ताक्षरात असून निराळ्याच व्यक्तीनं लिहिल्यासारखं वाटतं. शेवट सुखद असता तर विचार झाला असता. मी तो शेरा वाचून इतकी हसले की आई धावत आली. सगळ्या पुस्तकात जे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातचं होतं, तेवढंच त्यांना परक्याचं वाटलं! पुन्हा संधी मिळाली असती तरी मी तोच शेवट पाठवला असता. पुढे कल्याणच्या एका छोट्या छापखान्यात ती कादंबरी मी स्वतः उभी राहून छापून घेतली, शेवटासकट. तेव्हा तुम्ही नव्हता. त्यानंतर जे जे लिहिलं, त्याचा शेवट कुणाला बदलू दिला नाही, आणि समोरच्या गठ्ठ्यातल्या मुलामुलींनाही मी तेच लिहून कळवणार आहे. गोड शेवट करून बक्षीस मिळवायला माझ्याकडे येऊ नका, म्हणावं.

तुम्ही आत्याकडे गेला नाहीत. नाल्यावर उभं राहणं म्हणजे जाणं नव्हे, अण्णा. तुमच्या शेवटच्या आजारात ती आपणहून आली, तुमच्या उशाशी बसली, तुमचं सगळं तिनं केलं, दवाखान्यात करायची तसंच, हाताला सवय असल्यासारखं. तेव्हाही तुमच्या तोंडून ते दोन शब्द निघाले नाहीत. निघाले असते तर मी ऐकले असते, मी तिथेच होते.

बाड परत आलं त्या दिवशी तुम्ही कोर्टात निघाला होता. काळी टोपी डोक्यावर चढवून उंबऱ्याशी थांबलात आणि भिंतीकडे बघत मला विचारलंत, ‘माझ्या शेवटातलं काही ठेवलं होतंस का?’ मी म्हटलं, ‘एक अक्षरसुद्धा नाही.’ तुम्ही मान डोलावलीत, चपला घातल्यात आणि गेलात. बाड माझ्या ट्रंकेत गेलं. तुम्ही कधी मागितलं नाहीत आणि मी कधी दिलं नाही. हे पत्रही आता मी कुठे टाकणार आहे? पण खरं सांगायचं तर, बाई स्वयंपाक करते आणि कडी लावते त्याच्या आधी माझ्या प्रकरणात भाऊ नाल्याकडच्या वाटेवर येतो, खिडकीतला पुदिना बघतो आणि तसाच मागे फिरतो. तुमचं ते पुदिन्याचं वाक्य मी शब्दाला शब्द ठेवलं होतं. चांगलं होतं, अण्णा.