दिवाळीचं पत्र

८ जानेवारी
नवनाथदादा कधी येणार? आप्पांनी आज चार वेळा विचारलं. मला खरंच माहीत नाही.
नाशिक रोडच्या दवाखान्यात चौथा दिवस. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. मुलगा बर्फातल्या चौकीवर! लढाई लागल्यापासून सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. घरात कुणी अत्यवस्थ असेल तरच सोडतात.

९ जानेवारी
डॉक्टरांचं पत्र दादाच्या युनिटला पाठवलं. खाली टपरीवर टीव्हीत लढाई चालू — चहा फुंकत लोक म्हणतात, अजून ठोका. यांच्या घरचं कोण आहे तिकडे?

१० जानेवारी
युनिटमधून सुभेदारांचा फोन. आवाज अगदी शांत.
"बहनजी, पिछली बार भी पिताजी ही सीरियस थे ना?"

दिवाळीत दादाला मुलगी बघायला यायचं होतं, सुट्टी मिळेना. म्हणाला, तू शिकलेली, इंग्रजीत तूच लिही. लिहिलं — वडील अत्यवस्थ. सरपंचांनी हसत शिक्का मारला. आप्पा तेव्हा सायखेड्याच्या मळ्यात कांद्याचं रोप टाकत होते! अर्थ सांगितला तर म्हणाले, "जित्तेपणी मारलं की गं मला." आई म्हणाली, शिकल्याचं चीज झालं.
घरातली पहिली पदवी. तिचं पहिलं काम हे.

११ जानेवारी
दादाच्या साहेबांना खरं काय ते कळवते म्हटलं, तर आई अंगावर आली. "पोराची नोकरी घालवती का? तो तिथं मरनाच्या दारात हुभा, आन् तू त्याच्यावरच कागद करती!"
कॉलेजात सत्यावर भाषण करून बक्षीस घेतलं होतं मी.
दुपारी दादाचा मिनिटभर फोन. कुणी विश्वासच ठेवत नाही म्हणाला. परवा आणखी पुढच्या चौकीवर जायचंय. मग फोनही नाही.

१२ जानेवारी
आप्पा आता विचारतही नाहीत.

१३ जानेवारी
सकाळी साहेबांना पत्र पाठवून दिलं, आजच्या रिपोर्टसकट. दिवाळीचं पत्र खोटं होतं, ते मी रचलं. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. भावाला भेटावंसं वाटलं म्हणून केलं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, आप्पा खरंच आजारी आहेत असं समजूनच तो आला होता, असंही लिहिलं.
तेवढं खोटं आहे.