चार हात लांब ठेवलेलं ताट

प्रिय आबा,

आज दुपारी बाळाराम नाना आपल्या दारासमोरच्या सिमेंटच्या बाकावर येऊन बसले, म्हणून हे पत्र. बसले म्हणजे अगदी तुमच्यासारखे बसले. काठी मांडीवर आडवी, पाण्याची बाटली बगलेत, आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक पोराला "लांब, लांब" म्हणून हाकलत. सकाळी त्यांना ठाण्याला स्कॅनआधीची तीच सुई दिली होती, जी चार वर्षांपूर्वी तुम्हाला दिली होती. मी खिडकीशी तांदूळ निवडत होते, ते सूप तसंच राहिलं. तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. लिहावंसं पुष्कळदा वाटलं, पण सुरुवात कुठून करायची ते सुचत नव्हतं. आज नानांनी सुरुवात करून दिली.

आधी भांडून घेते. दोन वर्षं तुम्ही आम्हाला काही कळू दिलं नाहीत. जेवताना तीनतीनदा उठायचात आणि म्हणायचात, "शुगर आसंल." लग्नाच्या वऱ्हाडात बसने यायचं टाळायचात, कारण वाटेत गाडी कोण थांबवणार? आणि एक दिवस अचानक स्वतःचे लेंगे स्वतः धुवायला लागलात. आबा, मी माहेरी जाऊन कौतुक सांगितलं होतं त्याचं. भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या आमच्या गल्लीत सगळ्या बायकांना ऐकवलं, की माझा सासरा बघा, सुनेला कपडे धुवायला लावत नाही. कशासाठी धुताय ते माझ्या डोक्यातही आलं नाही. ते आठवलं की अजूनही स्वतःचीच लाज वाटते.

शेवटी लघवीतून रक्त गेलं तेव्हा तुमच्या लेकाला, संदीपला सांगितलंत. तेही अर्धंच. मग रक्ततपासणी, मग प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासणं, मग चेहऱ्यावरून काहीच कळू न देता डॉक्टरांचं ते बोलणं. कॅन्सर आहे हे कळलं. तो तिथेच आहे की आणखी कुठे पोचलाय, हे बघायला एक खास स्कॅन करायचा ठरला. घरी आल्यावर तुम्ही मला देवाजवळ उभं केलंत आणि म्हणालात, "बाय, गावात हे कुनाला कळता कामा न्हाय. लघवीच्या जागेचा आजार हाय. मानसं हसतील." मी हात जोडून शब्द दिला. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली होती, घरात बाई म्हणून मी एकटी, त्यामुळे तो शब्द पाळणं माझ्याच अंगावर आलं.

स्कॅनला जाताना मात्र तुमचा थाट होता. औषध मुंबईहून येणार, सकाळी तयार होणार, आणि दर दोनएक तासांनी त्याचा जोर निम्मा होत जाणार, असं स्कॅन सेंटरच्या लोकांनी फोनवर सांगितलं होतं. ते ऐकून तुम्ही संदीपला भल्या पहाटे उठवलंत. भिवंडीचं ट्रॅफिक तुम्हाला सांगायला नको, तीस वर्षं कापडाचे लूम दुरुस्त करायला तुम्ही त्याच रस्त्याने गेलात. दोन तास आधी पोचलात. औषध आलं ते शिशाच्या जाड डब्यातून, आणि वर तुमच्या नावाची चिठ्ठी. आल्यावर तुम्ही मला रस्त्याच्या पलीकडून ओरडून सांगितलंत, "माझ्या नावाचं औषध व्हतं, बाय. दुसऱ्या कुनाला चालत न्हाय." आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तुमच्यासाठी काही खास पाठवल्यासारखं तुमचं तोंड झालं होतं.

रस्त्याच्या पलीकडून ओरडलात, कारण सेंटरमधल्या मुलाने सांगितलं होतं, आजचा दिवस लहान मुलं आणि पोटुशी बाई यांच्यापासून जरा लांब राहा. मला सातवा महिना होता. त्याने "जरा" म्हटलं होतं, आबा. संदीपने मला नंतर सांगितलं, की दोन हात अंतर पुरे होतं, तुम्ही ओटीवर बसला असतात तरी चाललं असतं. पण आधीचं एक माझं चौथ्या महिन्यात गेलं होतं. त्याबद्दल तुम्ही माझ्याशी कधी एक शब्द बोलला नव्हतात. त्या दिवशी घराचा उंबराच ओलांडला नाहीत, तेव्हा मला कळलं की तुम्ही ते विसरला नव्हतात.

संदीप तुम्हाला सोडून गोडाऊनच्या ड्युटीवर गेला. तुम्ही दारासमोरच्या या ग्रामपंचायतीच्या बाकावर बसलात. मे महिन्याचं ऊन, वर भेंडीच्या झाडाची जेमतेम सावली. एरवी गावातली सगळी पोरं तुमच्या अंगाखांद्यावर. त्या दिवशी तुम्ही त्यांना काठी दाखवून पिटाळत होता. पोरं रडत घरी गेली आणि घराघरांत विषय निघाला, की आबाचं काहीतरी बिनसलंय.

मग मी ताट घेऊन आले. तांदळाची भाकरी, वाल आणि सुकट. तुम्ही लांबूनच ओरडलात, "तिथंच ठेव. पुढं यायचं न्हाय." मी ताट जमिनीवर ठेवलं, मागे सरकले, आणि आत निघून गेले. तुम्ही उठलात, वाकून ताट उचललंत आणि पुन्हा बाकावर जाऊन एकटे जेवलात. आता सांगा, हे बघणाऱ्याला काय दिसलं असेल? शहरातून आलेली, अंबाडीच्या शाळेत नोकरी करणारी सून म्हाताऱ्या सासऱ्याला उन्हात रस्त्यावर बसवते आणि कुत्र्याला घालावं तसं ताट जमिनीवर ठेवून जाते.

आणि बघणारे नेमके बाळाराम नाना. तुमच्याबरोबर गुरं राखलेले, तुमचे जिवलग, आणि गावातलं चालतंबोलतं वर्तमानपत्र. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला ते पाचसहा जणांना घेऊन आपल्या दारात उभे राहिले. मागे बायकाही होत्या. नाना माझ्यावर कडाडले, "बापासारक्या मानसाला भाईर बसवतेस? आज बायको आसती त्याची तर तुझी हिंमत झाली आसती काय?"

एक वाक्य पुरलं असतं. आबांना सुई दिलीय, मी पोटुशी आहे, म्हणून ते बाहेर आहेत. पण लगेच पुढचा प्रश्न येणार, कसली सुई? कुठला आजार? मी तुम्हाला शब्द दिला होता. मी दाराची कडी धरून उभी राहिले. मागून कुणी बाई म्हणाली, नोकरी करणाऱ्या असल्याच. डोळ्यांत पाणी आलं, मी कडी आणखी घट्ट धरली. रागही आला होता, खोटं कशाला सांगू? तुमच्यावरच आला होता.

तेव्हा तुम्ही बाकावरून उठलात. "बाळ्या, त्या पोरीला काय इचारतोस? मला इचार. आन् जवळ येऊ नको, तिथूनच ऐक."

आणि मग तुम्ही सगळं सांगितलंत. बायकांसमोर. रस्त्यात उभं राहून, मोठ्या आवाजात, कारण अंतर राखायचं होतं. "दोन वरसं मला लघवीचा त्रास हाय. बसलो तर व्हत न्हाय, उठलो तर थांबत न्हाय. लेंगा भिजतो, तो मी सोता धुतो. सुनेला दिला न्हाय. रक्त गेलं तवा डाक्टरकडं गेलो. कॅन्सर हाय." पुढे म्हणालात, "आज सुई दिली, तिच्यात किरनं हायत. तिच्या पोटात माझं नातवंड हाय म्हनून मी भाईर बसलोय. तिनं मला न्हाय बसवलं. तिला मीच बोलू दिलं न्हाय. आता तिला कोन काय बोललं तर माझ्याशी गाठ हाय."

कुणीतरी विचारलं, सुई देऊन काय होतं? त्यावर तुम्ही दिलेलं उत्तर मी नंतर माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, याहून चांगलं मलाही सांगता येणार नाही. तुम्ही म्हणालात, "काळोख्या शेतात मानूस उभा आसला तर दिसतो काय? न्हाय. पन त्यानं बिडी पेटवली तर बिडी लांबून दिसते. ही सुई आंगात फिरते, कॅन्सर जिथं लपलाय तिथं जाऊन चिकटते आन् बिडी पेटवते. मग मशीनला दिसतं."

कुणी हसलं नाही, आबा. तुम्हाला ज्याची भीती होती ते झालंच नाही. बायका खाली मान घालून निघून गेल्या, त्यातली एक जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेली. नाना मात्र जागचे हलेनात. त्यांचं तोंड पडलं होतं, आणि मला वाटलं ते ओशाळलेत.

ओशाळले होतेच, पण वेगळं कारणही होतं. चार दिवसांनी ते मागच्या दाराने आले आणि तुमच्याजवळ बसून कुजबुजले, "मला बी हाय तसंच. वरीसभर." तुम्ही त्यांना पुढच्या दाराने बाहेर काढलंत आणि म्हणालात, "आता आत ये. पुढच्या दारानं. चोरी केलीय काय?" मग स्वतः त्यांना रक्त तपासायला अंबाडीला घेऊन गेलात. नानांचं फार लवकर सापडलं, पुढे ऑपरेशन झालं. त्यांच्यानंतर आणखी बरेच जण आले. खारबावहून कुणी पाहुणासुद्धा विचारत आला. तुमचं सांगणं एकच असायचं, "सगळ्यांना सुई लागत न्हाय. आधी रक्त तपास, डाक्टरला दाखव. बहुतेकांना साधंच दुखनं आसतं. पन लपवू नको. मी लपवलं." त्या शेवटच्या दोन शब्दांवर तुमचा आवाज खाली यायचा.

तुमचं मात्र उशिरा सापडलं. स्कॅनच्या चित्रात खुब्याच्या हाडात एक आणि मणक्यात एक, असे दोन ठिपके पेटलेले होते. डॉक्टर समजावत होते आणि संदीपचा चेहरा पांढरा पडला होता. तुम्ही ते चित्र उजेडाकडे धरून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "सापडला ना? लूम कुठं बिघडलाय ते कळलं तर पुढचं काम करता येतं." तीन तीन महिन्यांनी इंजेक्शनं घेत तुम्ही अडीच वर्षं काढलीत. तुमच्या नातीला, आराध्याला चालायला शिकवलंत, तिला भेंडीच्या पानाची पिपाणी वाजवायला शिकवलंत, जी ती अजून आमचे कान किटेपर्यंत वाजवते. ती दोन वर्षं लपवलं नसतंत तर कदाचित तिला शाळेतही सोडायला गेला असतात. हे मी शेवटपर्यंत तुमच्या तोंडावर बोलले नाही, म्हणून इथे लिहितेय.

पण रागापेक्षा अभिमान मोठा आहे, आबा, तोही तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. स्वतःच्या पोरासमोर ज्या गोष्टीचं नाव काढायला तुम्ही दोन वर्षं घाबरलात, ती तुम्ही माझ्यासाठी भर रस्त्यात सांगितलीत. माझ्या बापानेही माझ्यासाठी एवढं केलं असतं का, मला माहीत नाही. लग्न होऊन चार वर्षं झाली होती तरी या गावात मी पाहुणीच होते. त्या संध्याकाळनंतर मी इथली झाले.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहिली. मी ताट ठेवलं आणि आत गेले. अंतर ठेवायचं होतं, पण आत कशाला जायचं होतं? चार हात लांब पायरीवर बसून मी तुमच्याबरोबर जेवू शकले असते. तुम्ही एकटे जेवलात आणि ते सगळ्या गावाने बघितलं. नाना उगाच नाही चिडले.

नानांच्या रक्तातला कॅन्सरचा आकडा पुन्हा थोडा वर गेलाय, म्हणून आज हा स्कॅन. कुठे काही पेटलंय का ते दोन दिवसांत कळेल. त्यांच्या घरात महिन्याचं नातवंड आहे, म्हणून ते या बाकावर. मी दोन ताटं वाढली. नानांचं ताट बाकापासून चार हातांवर ठेवलं. आता पोटात कुणी नाही, जवळ गेले असते तरी चाललं असतं, पण नाना तुमच्याइतकेच हट्टी. "ठेव आन् आत जा, बाय," ते म्हणाले.

मी आत गेले नाही. माझं ताट घेऊन पायरीवर बसले. आराध्या तिची छोटी ताटली घेऊन माझ्याशेजारी बसली. येणारेजाणारे बघत होते, बघू देत. नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरला आणि खाली बघत म्हणाले, "त्या दिशी मीच बोंब मारली व्हती."

"माहितीय," मी म्हटलं. "जेवा."

तर आबा, माझा शब्द घ्या. मागचा शब्द मी पाळला होता, हाही पाळीन. ही सुई घेऊन या बाकावर जो कुणी बसेल, त्याचं ताट मी लांबच ठेवीन, जेवढं डॉक्टर सांगतील तेवढं. पण माझंही ताट बाहेर आणीन. तुमच्या बाकावर कुणीही एकटं जेवणार नाही.

तुमची,
रेश्मा